तेविसाव्या वर्षी हातात कॅथेड्रल

समजा, उद्या तुम्हाला कुणी सांगितलं की राजधानीतलं सगळ्यात मोठं बांधकाम आता तुम्ही बघायचं. घाम फुटेल ना? पीटर पार्लरच्या बाबतीत हे खरंच घडलं.

प्रागमध्ये सेंट व्हायटस कॅथेड्रल उभं राहत होतं. १३५२ मध्ये मुख्य स्थपती आरासचा मॅथियस वारला आणि काम अर्धवट राहिलं. १३५६ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने पीटरला जर्मनीतून बोलावून घेतलं. वय जेमतेम तेवीस!

वडील हाइनरिख हेही मोठे कारागीर, त्यामुळे पीटर लहानपणापासून दगडाच्या धुळीतच वाढला. आडनावही धंद्यातलंच. ‘पार्लर’ म्हणजे पाथरवटांचा मुकादम.

प्रागमध्ये त्याने छताच्या कमानी जाळीसारख्या गुंफल्या. त्याच्या कारखान्यातल्या पाथरवटांनी आत उंचावर एकवीस दगडी चेहरे कोरले. त्यात सम्राट आहे, राण्या आहेत, आर्चबिशप आहेत. आणि त्याच रांगेत मॅथियस आणि स्वतः पीटरही! राजाच्या पंगतीला कारागीर, तेही चौदाव्या शतकात.

दक्षिणेकडच्या मोठ्या मनोऱ्याचं काम त्याने म्हातारपणी हाती घेतलं. १३९९ मध्ये तो गेला, तेव्हा मनोरा अपुराच होता. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलांनी, वेन्झेल आणि योहान यांनी, काम पुढे नेलं. अख्खं कॅथेड्रल पूर्ण व्हायला १९२९ उजाडलं.

एकाच कामावर त्रेचाळीस वर्षं, आणि शेवट बघायला मिळणार नाही हे माहीत असताना! आपण तर सहा महिन्यांच्या प्रोजेक्टलाच कंटाळतो. कधी प्रागला गेलात, तर मान वर करून पीटरचा चेहरा नक्की शोधा.