बीजरक्षक निकोलाय व्हाविलॉव्ह

घरांत कितीही ओढ असली तरी शहाणा शेतकरी पेरणीचें बियाणें खात नाहीं. तें पुढील हंगामाची ठेव असतें. ती मोडली तर शेत नांगरूनही उपयोग नाहीं, हें तो जाणतो. हाच साधा नियम साऱ्या मानवजातीच्या हितासाठीं पाळला जावा म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या निकोलाय इव्हानोविच व्हाविलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य जाणून घेण्याजोगें आहे.

व्हाविलॉव्ह यांचा जन्म ता. २५ नोव्हेंबर १८८७ रोजीं मॉस्को येथें झाला. त्यांचे वडील व्यापारांत पुढें आलेले गृहस्थ होते. परंतु त्यांचें स्वतःचें बालपण वारंवार पीक बुडणाऱ्या एका दरिद्री खेड्यांत गेलें होतें. मुलानें शेतीच्या शास्त्राचा मार्ग धरला. मॉस्कोच्या कृषिविद्यालयांत शिक्षण पुरें करून ते १९१३ सालीं इंग्लंडास गेले आणि आनुवंशशास्त्राचे विख्यात आचार्य विल्यम बेटसन यांजजवळ शिकले. १९१७ सालीं ते व्होल्गा नदीकांठच्या साराटॉव्ह शहरीं अध्यापक झाले. १९२१ सालीं त्यांना पेट्रोग्राड येथील वनस्पतिसंस्थेची धुरा मिळाली. त्याच सुमारास व्होल्गेच्या खोऱ्यांत भयंकर दुष्काळ पडून सुमारें ५० लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. माणसांना भुकेपासून सोडविणें हें व्हाविलॉव्ह यांचें जीवितकार्य ठरलें.

अधिक उत्पन्न देणारे मोजके वाण सर्वत्र पेरण्याची चाल तेव्हां वाढूं लागली होती. तींतील धोका त्यांनीं ओळखला. सर्व शेतांत एकच वाण असला आणि त्यावर रोग पडला, तर सारेंच पीक जातें. आयर्लंडांत १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला, तेव्हां गरिबांची सारी भिस्त मुख्यतः एकाच वाणावर होती. पुढील कांहीं वर्षांत उपासमारीनें व रोगराईनें सुमारें १० लक्ष लोक मेले. उलट, शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपलेल्या जुन्या वाणांत आणि रानांत आपोआप उगवणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांत कोणी थंडी सोसतो, कोणी अवर्षण सोसतो, तर कोणी रोगास दाद देत नाहीं. असे गुण संकरानें चांगल्या पिकांत उतरवितां येतात. मात्र मूळ वाणच नाहींसा झाला, तर त्याबरोबर त्याचा गुणही जातो.

म्हणून हे वाण गोळा करण्यासाठीं व्हाविलॉव्ह जगभर हिंडले. १९१६ सालीं इराण व पामीर, १९२४ सालीं अफगाणिस्तान, १९२६-२७ सालीं भूमध्यसमुद्राभोंवतालचे देश व हबसाण, १९२९ सालीं चीन व जपान, आणि १९३० पासून मध्य व दक्षिण अमेरिका अशा त्यांच्या सफरी झाल्या. दुर्गम घाट ओलांडावे, बाजारांत व शेतांत जाऊन चौकशी करावी, आणि मूठ-मूठ बियाणें नांवनिशीसह संस्थेकडे रवाना करावें, हा त्यांचा क्रम असे. शेतकऱ्यांशीं बोलतां यावें म्हणून त्यांनीं अनेक भाषा आत्मसात् केल्या. त्यांची दृष्टि मोठी सूक्ष्म होती. गव्हाच्या शेतांत तण म्हणून वाढणारें राय नांवाचें धान्य उंच व थंड मुलुखांत गव्हालाही मागें टाकतें आणि अखेर स्वतःच पीक बनतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

ज्या प्रदेशांत एखाद्या पिकाचे अधिकांत अधिक प्रकार सांपडतात, तेंच बहुधा त्याचें मूळ माहेर असतें, हा सिद्धांत त्यांनीं १९२६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. पुढील संशोधकांनीं त्यांत कांहीं सुधारणा केल्या, तरी त्याचें महत्त्व कायम आहे. अशा माहेरांत त्यांनीं आपल्या देशाचीही गणना केली. भात, आंबा, वांगें, काकडी हीं येथलीं लेंकरें होत, असें त्यांचें मत होतें. १९४० च्या सुमारास लेनिनग्राडच्या (पेट्रोग्राडचेंच हें नवें नांव, आतां सेंट पीटर्सबर्ग) संस्थेंत दोन लक्षांच्या आसपास नमुने जमले होते. इतका मोठा बीजसंग्रह त्या काळीं जगांत दुसरा नव्हता.

परंतु अशी विद्या सावकाश फळ देते, आणि राज्यकर्त्यांना घाई होती. लायसेन्को नांवाच्या गृहस्थानें आनुवंशशास्त्र झुगारून देऊन झटपट सुबत्तेचीं आश्वासनें दिलीं, व स्टालिन यांची मर्जी संपादन केली. व्हाविलॉव्ह यांनीं सत्य सोडलें नाहीं. ता. ६ ऑगस्ट १९४० रोजीं युक्रेनमध्यें वनस्पति गोळा करीत असतां त्यांना अटक झाली. १९४१ सालीं मृत्युदंड फर्मावण्यांत आला. पुढील वर्षीं त्याऐवजीं वीस वर्षांचा कारावास ठरला. त्यांना साराटॉव्हच्या तुरुंगांत ठेवलें होतें, जेथें ते पूर्वीं अध्यापक होते. युद्धामुळें त्यांची पत्नी व मुलगा त्याच शहरीं आश्रयास आलीं होतीं. पण ते इतके जवळ आहेत हें त्यांना कळलें नाहीं. कोठडींतही व्हाविलॉव्ह सोबतच्या कैद्यांना शास्त्रावर व्याख्यानें देत. ता. २६ जानेवारी १९४३ रोजीं, जगाची भूक शमविण्यास निघालेला हा पुरुष उपासमारीनें खंगून मरण पावला.

इकडे सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्यानें लेनिनग्राडास वेढा घातला होता. तो ८७२ दिवस टिकला. त्या हिंवाळ्यांत पुष्कळांना दिवसाकाठीं १२५ ग्रॅम पाव मिळे. संस्थेंतील लोक तांदूळ, गहूं, मका यांच्या पोत्यांमध्यें बसून उपाशी होते. बटाटे गारठूं नयेत म्हणून त्यांनीं जळण मिळवून शेकोट्या पेटत्या ठेवल्या, उंदरांपासून दाणे राखले, रात्रीं पहारे केले. भाताचा संग्रह सांभाळणारे इव्हानॉव्ह व भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे श्चुकिन यांच्यासह अनेकांनीं प्राण सोडले. परंतु राखावयास दिलेलें बियाणें त्यांनीं शिजविलें नाहीं.

१९५५ सालीं व्हाविलॉव्ह यांजवरील आरोप रद्द झाले. संस्थेला आज त्यांचेंच नांव आहे. त्यांचा विचार किती खरा होता याचा पुरावा १९७० नंतरच्या दशकांत मिळाला. आग्नेय आशियांत भाताचीं रोपें खुरटविणारा एक रोग पसरला. फिलिपाइन्समधील संशोधकांनीं सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत उत्तर प्रदेशांतून आणलेल्या एका रानभातांतच रोगास तोंड देण्याचा गुण आढळला. तो संकरानें नव्या वाणांत उतरविण्यांत आला. ज्यास कोणी गवत समजून उपटलें असतें, त्यानें लक्षावधि शेतें राखलीं!

विद्यार्थीमित्रांनो, मिसर देशांत योसेफानें धान्य सांठविलें तें दुष्काळांत लोकांना खावयास मिळावें म्हणून. व्हाविलॉव्ह यांनीं सांठविलें तें जन्मास न आलेल्यांना पेरावयास मिळावें म्हणून. दोघेही परक्याच्या ठेवीचे इमानी कारभारी होते. आपल्या आजोळीं घनसाळ, आंबेमोहोर असे जुने वाण कोणी अद्याप राखीत असेल, तर त्यांचीं नांवें व गुण विचारून लिहून ठेवा. आणि पालकांनीं एखाद्या वाफ्यापुरतें तरी तें बीं मोडूं देऊं नये. पेरणाऱ्यास देवानें दिलेलें हें दान आपल्या हातीं केवळ पुढें सोंपविण्यासाठीं आलें आहे.