प्रोफेसर केळफा आणि वांगणीचे दरोडेखोर

मागच्या गॅदरिंगला आम्ही पाच जणांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा घाट घातला होता. आयडिया एकदम सोपी. एकच मुलगा फ्रेममध्ये दोनदा दिसणार, डावीकडे कॉटवर घोरत पडलेला आणि उजवीकडे टेबलावर स्वतःचंच सबमिशन लिहीत बसलेला. हॉस्टेलवर कोणाला नकोय असा जुळा भाऊ? खुर्चीवर ड्रॉइंग बोर्ड, त्यावर पुस्तकांची चळत आणि त्याला टेकवलेला मोबाईल, हा आमचा ट्रायपॉड. आधी डावी बाजू शूट केली, मग मेसची बेल झाली, जेवून आल्यावर उजवी बाजू शूट केली. लॅपटॉपवर दोन्ही जोडलं तर भिंतीच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक रेघ! अर्धी भिंत पिवळी, अर्धी निळसर, आणि कॉटचा पाय टेबलापेक्षा बोटभर वर. जेवायला जाताना कोणीतरी खुर्चीला धक्का मारला होता. कोणी ते अजून कबूल केलेलं नाही.

मग हिरव्या पडद्याचा प्रयोग झाला. फडके रोडला जाऊन कापड आणलं, पण ते नीट ताणलं नाही. सुरकुत्यांच्या सावल्या पडल्या आणि हिरोच्या गालावर हिरवी झाक आली. कावीळ झाल्यासारखा दिसत होता बिचारा. वर्कशॉपच्या सरांना दाखवलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, ही डबल रोलची ट्रिक शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तेव्हा ती कॉम्प्युटर नसताना, कॅमेऱ्याच्या आतच करायचे. जरा फाळके वाचा.

फाळके म्हणजे दादासाहेब, हे माहीत होतं. अवॉर्ड त्यांच्या नावाचं आहे, तेही माहीत होतं. बाकी शून्य! म्हणून वाचलं, आणि वाचता वाचता सबमिशनची तारीख गेली.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे विद्वान, त्यामुळे घरात पुराणं होती. मुलगा मात्र १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला, साचेकाम, फोटोग्राफी, छपाई असं सगळंच शिकला. आपल्याकडे याला एक ब्रँच धड नाही म्हणतात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तो चालला नाही. प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलं. जादूचे प्रयोग शिकला आणि आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने स्टेजवर उभा राहिला. फाळके उलटं वाचून बघा! पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, वंगभंगाच्या काळात ती सोडली. छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आला, पण भागीदारांशी पटलं नाही आणि छापखानाही सुटला.

म्हणजे चाळिशीला पोचलेला, हाती धंदा नसलेला, घरी बायकामुलं असलेला माणूस. आपल्या भाषेत सगळे बॅकलॉग. अशा वेळी गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली आणि डोक्यात घेतलं की पडद्यावर आपला राम आणि कृष्ण असाच चालला पाहिजे. मग रोज सिनेमे, रात्री जागून वाचन, प्रयोग. इतकं की काही काळ डोळे गेले! डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. घरच्यांचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही.

विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना, केबॉर्न यांना, जाऊन भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत. सगळं मिळून दोनेक महिन्यांत. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट आठवा, म्हणजे फरक कळेल.

पैसे देणाऱ्यांना मात्र नुसत्या बोलण्यावर विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी एक डेमो केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होतो. अंकुराची वाढ! हल्ली मोबाईलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं. तेव्हा बटण म्हणजे खुद्द फाळके. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९६०, म्हणजे महिनाभर रोज तीसेक फ्रेम. तेवढे दिवस कॅमेरा आणि कुंडी दोन्ही जागची हलता कामा नये, आणि घरात लहान मुलं! (आमची खुर्ची एका जेवणात हलली.) ही फिल्म बघून कर्ज मिळालं. आपल्या देशात स्पेशल इफेक्टने पहिलं काम केलं ते कर्ज मिळवून द्यायचं, असं म्हणायला हरकत नाही.

मग राजा हरिश्चंद्र. स्टुडिओ दादरला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक तोंड फिरवत, म्हणून नटांनी बाहेर सांगायचं की हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी लागली आहे. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव त्यावरूनच आलंय.

आणि या फॅक्टरीचा पाया सरस्वतीबाई. दादासाहेबांची ही दुसरी पत्नी. अंगावरचे दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला. ते झाल्यावर रात्री कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची. गणित मांडा. चित्रपट ३,७०० फुटांचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं. झाली ४,७३,६०० भोकं, आणि ती फक्त एका प्रतीची! हाताशी यंत्र होतं, पण ते चालवायला अंधारात कोणीतरी बसायला हवंच होतं. एवढ्या कामावर एक अवॉर्ड सरस्वतीबाईंच्या नावानेही चाललं असतं, असं माझं मत आहे.

आता आपल्या एरियाची गोष्ट. आउटडोअर शूटिंगला जागा निवडली ती वांगणी! हो, तीच आपली बदलापूरच्या पुढची. डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की तासाभराच्या आतबाहेर. मंडळी पुढे गेली, दादासाहेब मागून येणार होते. गावात एकदम ढाल-तलवारी आणि भाले घेतलेले अनोळखी लोक. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, त्यांनी पोलीस पाटलाला कळवलं आणि हरिश्चंद्राचं अख्खं राज्य अडकलं. मागून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा उघडून शूटिंग कसं करतात ते करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली.

तिथेच दुसरी गोष्ट घडली. रोहिदासाचं काम त्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र करत होता. तो खेळताना दगडावर पडला, डोक्याला मोठी जखम झाली. सगळे म्हणाले, मुंबईला नेऊ. फाळक्यांनी प्रथमोपचार केले, आणि रोहिदास मरून पडल्याचा सीन बाकी होता, तो बेशुद्ध मुलावर उरकला. मुलगा पुढे बरा झाला. आमच्या रूमवर यावर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. दोघांचं म्हणणं, युनिट परत आणायला पैसे नव्हते, दुसरा काय करणार? मला ते पटत नाही. माणूस मोठाच होता, पण त्या दिवशी कॅमेरा बंद करायला हवा होता.

३ मे १९१३ रोजी राजा हरिश्चंद्र गिरगावात कॉरोनेशनला लागला आणि चालला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. म्हणजे दादर, ठाणे, कल्याण, कसारा ही आपलीच लाईन त्यांच्या येण्याजाण्याची. नाशिकला ट्रिक्सना खरा बहर आला. आगकाड्यांची मौज या फिल्ममध्ये काड्या आपोआप हलून आकृत्या होतात. काडी जराशी सरकवायची, फ्रेम घ्यायची, परत सरकवायची. १९१७ मध्ये लंकादहन, त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये नागाशी झुंजणारा कृष्ण म्हणजे त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी.

त्या काळची डबल एक्स्पोजरची ट्रिक अशी. लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, हँडलचे फेरे मोजत शूट करायचं. मग झाकण लावून तेवढेच फेरे फिल्म मागे घ्यायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर परत शूट. एक फेरा चुकला की वेळेचा मेळ गेला. उजेड बदलला की आमच्यासारखी रेघ. आणि चुकलं हे कधी कळणार, तर फिल्म धुतल्यावर. अनडू नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते फार सुखाचं नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी, भागीदारांशी मतभेद, राजीनामा, काशीला जाणं, परत येणं. मग बोलपट आले. सेतुबंधन मूक काढला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा गंगावतरण शेवटचा, कोल्हापूरचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढीच पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आहेत, आणि तीसुद्धा १९१३ ची की १९१७ साली परत काढलेल्या चित्रपटाची यावर जाणकारांत वाद आहे.

आमच्या व्हिडिओचं काय झालं? खुर्चीचे पाय खडूने फरशीवर आखून घेतले. मोबाईलचा एक्स्पोजर आणि फोकस लॉक केला. खिडकीला चादर लावली, एकच ट्यूब ठेवली. मेसची बेल झाली तरी कोणी उठायचं नाही, असं ठरलं. एकाने मोठ्याने आकडे मोजायचे आणि घोरणाऱ्याने बाराव्या आकड्याला कूस बदलायची, म्हणजे लिहिणाऱ्याने तेराव्याला मान वर करायची. सातव्या टेकला रेघ गेली. फाईलचं नाव केळफा_फायनल_७ आहे, बघायची असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या. त्या दिवशी मेसमध्ये फक्त भात उरला होता.