सॅम्युएल कोल्ट: सहा गोळ्यांची बंदूक विकणारा माणूस

गेममध्ये गन रिलोड व्हायला दोन सेकंद जास्त लागले तरी माझा जीव वरखाली होतो. सॅम्युएल कोल्ट १८१४ मध्ये जन्मला, तेव्हा ठासणीच्या बंदुकांचा जमाना होता. नळीत दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, मग एक बार. सराव झालेला सैनिकसुद्धा मिनिटाला तीनेक बार काढायचा. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती, जिच्यावर तिथला शस्त्र बाळगण्याचा हक्क उभा आहे, ती १७९१ ची, म्हणजे याच बंदुकांच्या काळातली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोल्ट कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी तो जहाजावर कामाला लागला आणि जहाज निघालं होतं थेट आपल्या कलकत्त्याला! त्या प्रवासात त्याने आपल्या कल्पनेतल्या बंदुकीचं लाकडी मॉडेल कोरलं. फिरत्या सिलिंडरच्या बंदुका आधीही होत्या, पण सिलिंडर हाताने फिरवावा लागायचा. कोल्टने तो घोड्यालाच जोडला. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि नळीसमोर पक्का बसतो. बस्स, एवढंच. सगळी करामत या एवढ्यात आहे.

पैसे नव्हते. मग पठ्ठ्या नावाआधी 'डॉक्टर' लावून गावोगाव फिरला आणि तिकीट लावून लोकांना लाफिंग गॅस हुंगवू लागला. त्या कमाईतून नमुने घडवले आणि १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळवलं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनला कारखाना काढला, तो १८४२ मध्ये बुडाला. पुढे मेक्सिकोशी युद्ध पेटलं, तेव्हा सॅम्युएल वॉकर नावाच्या कॅप्टनच्या सूचना घेऊन नवं मॉडेल बनलं आणि १८४७ मध्ये सरकारने १,००० नग मागवले. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाही नव्हता, दुसऱ्याच्या कारखान्यात माल काढून दिला!

यानंतर मात्र गाडी सुसाट. हार्टफर्डला भला मोठा कारखाना उभा राहिला, तिथे यंत्रांवर एकसारखे सुटे भाग निघायचे. नक्षीदार पिस्तुलं राजांना आणि सेनापतींना भेट जायची. आज आपण ज्याला इन्फ्लुएन्सर मार्केटिंग म्हणतो तेच की! कोणी नक्कल केली की कोर्टात खेचायचं. गिऱ्हाईक कोण, हे तो फारसं बघत नसे. यादवी युद्ध तोंडावर आलं होतं तरी १८६१ च्या एप्रिलपर्यंत दक्षिणेकडच्या राज्यांना माल जात होता. वर्तमानपत्रांनी देशद्रोही ठरवलं तरी. १८६२ च्या जानेवारीत तो गेला, वय फक्त ४७.

आता ती १७९१ ची गोष्ट. बंदूक नियंत्रण मागणारे म्हणतात, घटना लिहिणाऱ्यांसमोर एका बाराची बंदूक होती. बंदूक हक्कवाल्यांचं उत्तर असं की, भाषणस्वातंत्र्य लिहिलं तेव्हाही फोन नव्हता, तरी फोनवरच्या बोलण्याला ते लागू आहेच ना? २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाचा तर्क असाच होता. मला तो आधी एकदम पटला. मग कोल्ट आठवला. पेटंट मिळतं तेच मुळी वस्तू नवी असेल तर, आणि ही बंदूक जुन्यासारखी नाही, हेच तर तो आयुष्यभर विकत होता. अर्थात रिव्हॉल्व्हर लोकांच्या घरात पोचून आता दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि शेतावर एकट्या राहणाऱ्या बाईला ती सोड म्हणणंही सोपं नाही.

अजून एक किस्सा. १९९० च्या दशकात कोल्टच्याच कंपनीने स्मार्ट गनचा नमुना बनवला. मनगटावर चिपचा पट्टा असेल तरच गोळी सुटणार, आपल्या फोनच्या फिंगरप्रिंटसारखं. मुलांच्या हाती बंदूक लागली तरी धोका नाही, अशी कल्पना. बंदूकप्रेमी मात्र भडकले, उद्या सरकार हीच सक्तीची करेल म्हणून. २००२ मध्ये एका राज्याने खरंच कायदा केला: अशी बंदूक बाजारात आली की तीन वर्षांनी दुकानात दुसरं पिस्तूल विकता येणार नाही. मग ती बाजारात आणायला कोण धजावणार? शेवटी २०१९ मध्ये ती अट काढावी लागली. ते राज्य न्यू जर्सी, जिथे कोल्टचा पहिला कारखाना बुडाला होता.