वर्गात न रमलेला विद्यार्थी

वर्गात ज्याचे चित्त लागत नाही, ज्याचे हातपाय सतत चळवळ करतात, अशा मुलावर आपण सहज ‘वाया गेलेला’ असा शिक्का मारतो. असाच एक मुलगा पुढे बहुजनांच्या शिक्षणाचा आधारवड झाला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत असल्याने भाऊरावांची शाळा गावोगाव बदलली. पोहणे आणि कुस्ती यांत ते रमत. पुस्तकांशी मात्र त्यांचे फारसे सूत जमले नाही. कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात शिकत असता ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सुटले. पुढे मॅट्रिकचीही मजल गाठता आली नाही.

साताऱ्यास शिकवण्या करून ते ‘पाटील मास्तर’ झाले. नंतर किर्लोस्करांच्या नांगराच्या प्रचारासाठी खेडोपाडी हिंडले. बुद्धी असूनही शाळेबाहेर राहिलेली मुले त्यांनी या भ्रमंतीत पाहिली. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील सर्व जातिधर्मांच्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव मिळाले.

या बोर्डिंगात अण्णांनी वेगळाच पाठ सुरू केला. ज्या अंगी रग आहे, तिला दडपायचे कशाला? तिला काम द्यावे! मुले स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि मग अभ्यासाला बसत. एका पंगतीत जेवताना समतेवर व्याख्यान देण्याची गरज उरत नसे. ज्याच्या हाताला काम आहे, त्याचे मन भरकटत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे मूळ येथेच आहे.

ही वाट सोपी नव्हती. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, एकदा तर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या माउलीने जगाचा निरोप घेतला, पण बोर्डिंगची चूल विझली नाही.

चांगला शिक्षक असल्यावाचून चांगली शाळा होत नाही, हे ओळखून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास अध्यापकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन, तर भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला विद्यापीठाने केलेले हे वंदन होते. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

मित्रांनो, मागच्या बाकावरील एखादा चुळबुळ्या सोबती उद्या आपल्याला दिसेल, तेव्हा हसण्यापूर्वी एकच विचार करू या: त्याच्या हाती आपण अजून कोणते काम दिलेले नाही? आपल्या गुरुजनांनाही आम्ही आदरपूर्वक हेच विचारू इच्छितो.