फ्लोरेन्स नाइटिंगेल : रुग्णाची चिडचिड आणि नर्सचा राग



१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. पण त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे फ्लोरेन्स नाइटिंगेलची गोष्ट आपण वर्गात सांगतो ती कधीतरी जुलै-ऑगस्टमध्ये, थोर व्यक्तींच्या यादीत तिचं नाव आलं की. हातात दिवा, चेहऱ्यावर हसू, रात्रभर सैनिकांची सेवा. मीही बरीच वर्षं अशीच सांगत आले.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा पाठ घरी आईला वाचून दाखवला. तिची आई एका मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. पालक सभेला आल्यावर त्या मला हसत हसत म्हणाल्या, मॅडम, ती बाई खरंच कधी चिडली नाही का हो? मग त्यांनी आदल्याच आठवड्यातली एक रात्र सांगितली. दारू प्यायलेला जखमी माणूस, त्याच्यासोबत दहा-पंधरा नातेवाईक, शिवीगाळ, अंगावर धावून येणं. सकाळी ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या सिस्टर एकमेकींना हे सांगत होत्या. पेशंटची नक्कल करत होत्या, हसत होत्या, एक जण रडली. आणि घरी जाताना यांनाच अपराधी वाटत होतं, की नर्सने असं बोलावं का?

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन फ्लोरेन्सचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की ही बाई चिडायची. खूप चिडायची. आपल्या पाठातून तेवढंच गाळलं गेलंय.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात झाला, म्हणून नाव फ्लोरेन्स. थोरल्या बहिणीचं नावही असंच तिच्या जन्मगावावरून ठेवलेलं, पार्थेनोपी. घर इंग्लंडमधलं, अतिशय श्रीमंत. डर्बीशायरमध्ये एक वाडा, हॅम्पशायरमध्ये दुसरा. वडिलांनी मुलींना स्वतः शिकवलं. फ्लोरेन्सला गणित आणि आकडेमोड विशेष आवडे. १८३७ साली, सतराव्या वर्षाच्या आत, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं असं तिला वाटलं. पण कोणती सेवा हे ठरायला आणि घरच्यांनी मान्य करायला पुढची पंधरा-सोळा वर्षं गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे अडाणी, दारू पिणारी बाई असाच समज होता. आई आणि बहीण रडून गोंधळ घालायच्या. चांगल्या घरातलं स्थळ तिने नाकारलं. १८५१ साली जर्मनीतल्या कायझरस्वर्थ इथे तीन महिने शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या बायकांच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली.

पुढच्या वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरलं. जखमी सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले आणि लोक खवळले. युद्ध सचिव सिडनी हर्बर्ट हे तिचे जवळचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ जणींना घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोहोचली. या ३८ मध्ये काही कॅथलिक जोगिणी होत्या, काही अँग्लिकन पंथाच्या भगिनी आणि चौदा जणी पगारी नर्स.

स्कुटारीचं रुग्णालय म्हणजे बराकीची प्रचंड इमारत. काळा समुद्र ओलांडून बोटी यायच्या आणि जखमी, कॉलरा-हगवणीने खंगलेले सैनिक तिथे आणून टाकायच्या. आजच्या अपघात विभागाचा गोंधळ मनात आणा आणि त्यातून पाणी, बादल्या, स्वच्छ कपडे, पुरेशी भांडी हे सगळं वजा करा.

आता यातली एक गोष्ट मुलांना सांगताना आपण हमखास सोडून देतो. पोहोचल्यावर डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. आणि फ्लोरेन्सने आपल्या नर्सना वॉर्डात जाऊच दिलं नाही! डॉक्टर बोलावतील तेव्हाच हात लावायचा, तोवर बसून पट्ट्या आणि कपडे शिवायचे. पलीकडे माणसं कण्हत होती आणि या शिवत बसलेल्या. कित्येक जणी तिच्यावर संतापल्या. मला स्वतःला हा नियम वाचताना क्रूर वाटतो. पण तिचा हिशेब असा होता, की एकदा का बायका मनाला येईल तसं वागतात असं डॉक्टरांना वाटलं, की सगळ्यांना परतीच्या बोटीत बसवतील. इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनी आपणहून मदत मागितली.

तिच्या नर्सचीही गाऱ्हाणी असायची. एकीची तक्रार होती गणवेशाच्या टोपीबद्दल. बाकी सगळं सोसायची तयारी होती, पण ही टोपी आपल्या चेहऱ्याला शोभत नाही, आधी माहीत असतं तर आलेच नसते, असं तिचं म्हणणं. फ्लोरेन्सने हे पत्रात चक्क लिहून कळवलंय. भोवती माणसं मरतायत आणि इकडे टोपीचं दुःख. वाचताना हसू येतं. पण दिवसभर जखमा धुतलेल्या बाईला रात्री टोपीचाच राग येऊ शकतो, हे कामावरून दमून आलेल्या कुणालाही पटेल. दारू पिणाऱ्या काही नर्सना मात्र तिने सरळ परत पाठवलं.

आणि ती स्वतः? दिवसभराचं काम आणि रात्रीची फेरी उरकली की ती पत्रं लिहायला बसे. (जाता जाता, तिचा दिवा चित्रात असतो तसा पणतीसारखा नव्हता. घडी घालता येणारा तुर्की कंदील होता तो. हस्तकलेच्या तासाला कागदाचा आकाशकंदील शिकवताना हे सांगून पाहा.) हर्बर्टना लिहिलेली ही पत्रं म्हणजे नुसती आग आहे. सामान बंदरात पडलंय आणि बोर्डाची बैठक झाल्याशिवाय गाठोडी उघडायची नाहीत म्हणतात. अमुक अधिकारी खोटं बोलतो. न मागता दुसरी चाळीसेक बायकांची तुकडी पाठवली, तेव्हा तर तिने राजीनाम्याची भाषा केली. सैन्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी डॉ. जॉन हॉल यांना पुढे सरकारने मोठा किताब दिला, तर त्या किताबाच्या आद्याक्षरांचा अर्थ तिने क्रिमियाच्या कब्रस्तानांचा सरदार असा लावला. काय जीभ होती बघा!

पण ही पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. राग कुणावर आहे? अधिकारी, पुरवठा खातं, डॉक्टर, कधी सोबतच्या बायका. सैनिकांवर जवळजवळ नाहीच. आणि सैनिक काही फार सोज्वळ नव्हते. पगार झाला की झिंगून पडायचे, आणि बहुतेक अधिकारी त्यांना जनावरात जमा धरायचे. फ्लोरेन्सने वेगळाच प्रश्न विचारला. हा माणूस पगार दारूत का उडवतो? घरी पैसे पाठवायची सोय नाही, संध्याकाळी बसायला जागा नाही, मग दारूचा गुत्ता तेवढा उरतो. तिने सैनिकांकडून पैसे जमा करून इंग्लंडला त्यांच्या घरी पोचवायला सुरुवात केली. वरिष्ठ म्हणाले, असले लोक कसले पैसे पाठवतात. नंतर सरकारने मनीऑर्डरची केंद्रं उघडली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड घरोघरी गेले. वाचनाच्या खोल्या उघडल्या, आणि सप्टेंबर १८५५ मध्ये इंकरमन नावाचं कॉफीघर सुरू झालं. त्रासदायक म्हणून ओवाळून टाकलेली माणसं तिथे बसून घरी पत्रं लिहू लागली.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. फ्लोरेन्स आल्यावर लगेच मृत्यू कमी झाले असं आपण शिकवतो, ते खरं नाही. त्या हिवाळ्यात ते वाढत गेले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ पर्यंत पोचलं. रुग्णालयाच्या खाली तुंबलेली गटारं होती. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसं आली, गटारं धुतली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरलं. युद्ध संपल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून तिने आकडे मांडले, तेव्हा गोळ्यांपेक्षा रोगांनी आणि घाणीने किती जास्त माणसं मारली हे समोर आलं. १८५८ मध्ये तिने हे वर्तुळाकार रंगीत आलेखात दाखवलं. गणिताच्या शिक्षकांनी तो आलेख वर्गात जरूर दाखवावा. तिचा राग आता आकड्यांत उतरला होता आणि आकड्यांना उद्धट म्हणता येत नाही.

मे १८५५ मध्ये बालाक्लावाला गेली असताना तिला जबर ताप आला होता. त्यातून ती पुरती सावरलीच नाही. १८५७ पासून कित्येक वर्षं तिने अंथरुणावरून किंवा आरामखुर्चीवरून काम केलं. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध नर्स स्वतःच रुग्ण झाली, आणि रुग्ण म्हणून ती अवघड होती! आई-बहिणीला भेटायची नाही, आवाज खपायचा नाही, आजारी हर्बर्टनाही कामावरून सोडायची नाही. १८६१ मध्ये ते वारले तेव्हा ती कोसळली.

रुग्णांच्या शुश्रूषेवरचं तिचं छोटं पुस्तक याच काळातलं, १८५९ च्या अखेरीस आलं. अंथरुणाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाने ते लिहिलंय हे पानोपानी जाणवतं. आपण ज्याला रोगाचं लक्षण म्हणतो ते पुष्कळदा रोगाचं नसतंच, हवा-उजेड-स्वच्छता-शांतता न मिळाल्याचं असतं, या मुद्द्यापासूनच ती सुरुवात करते. मग बारीकसारीक गोष्टी. रुग्णाशी पाठीमागून किंवा दारातून बोलू नका. त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसा. खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजू नका, कारण ती आपल्याबद्दलच आहे असं त्याला वाटतं. खोटा धीर देऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाट पाहणं, काय होणार ते न कळणं आणि अचानक काहीतरी होण्याची भीती या गोष्टी रुग्णाला कष्टापेक्षाही जास्त थकवतात. रुग्ण चिडचिडा आहे असं म्हणायच्या आधी त्याला किती वेळ ताटकळत ठेवलं ते पाहा, असाच याचा अर्थ मी घेते.

क्रिमियातल्या कामासाठी लोकांनी जमवलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. दर महिन्याला प्रत्येक विद्यार्थिनीच्या नावे एक तक्ता भरायचा. त्यात कामाच्या कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप यांचेही रकाने. वाचताना मला आपल्याच प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी आठवल्या. १८८७ नंतर नर्सची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी अशी चळवळ उभी राहिली, तिला फ्लोरेन्सने कडाडून विरोध केला. स्वभाव परीक्षेत कसा मोजणार, हा तिचा मुद्दा. मला तो अर्धाच पटतो, कारण नोंदणी नसेल तर नर्सला हक्काने उभं राहायला पाय कुठून मिळणार? ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला, तिच्या मृत्यूनंतर.

आणखी एक. आपल्याकडे नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन जी नाइटिंगेल शपथ घेतात, ती नाइटिंगेलने लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये ती तयार झाली. कामात कळलेल्या रुग्णांच्या खाजगी गोष्टी बाहेर न सांगण्याचं वचन त्यात आहे.

ती भारतात कधी आली नाही, पण पुढची कित्येक वर्षं इथल्या आरोग्याबद्दल लिहीत राहिली. खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल आपल्या पुणे सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो गावच्या थडग्यावर तिच्या नावाची फक्त आद्याक्षरं आहेत.

पण तिची पत्रं राहिली, हजारोंनी. त्यात १८७० सालचं एक आहे, बहिणीच्या यजमानांना लिहिलेलं. क्रिमियात सैनिकांची सेवा केलेल्या जमैकाच्या मेरी सीकोल यांच्याबद्दल तिने त्यात फार हलकं लिहिलंय. त्यांच्या घरात दारू चालायची, आणि ते घरही बरं नव्हतं, अशा अर्थाचं. पत्रावर जाळून टाका अशी खूण होती. ते जाळलं गेलं नाही. आज दीडशे वर्षांनंतर मेरीबाईंचं चरित्र वाचणारा प्रत्येक जण ते वाक्य वाचतो.

हे सगळं मी त्या नर्सताईंना पुढच्या पालक सभेत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही कुणाचं नाव घेत नाही आणि मोबाइल बाहेर ठेवतो, एवढंच म्हणाल्या. मग त्यांना हर्बर्टबद्दल जास्त विचारायचं होतं. पत्रं कुणाला लिहायची, किती लिहायची, उत्तर यायचं का? दोन महिन्यांनी शाळेच्या फाटकापाशी भेटल्या. त्यांच्या विभागात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती आत काय चाललंय हे बाहेरच्या नातेवाइकांना कुणी सांगत नाही म्हणून. दर अर्ध्या तासाला बाहेर येऊन माहिती देणारा एक माणूस रात्रपाळीला नेमावा, असा अर्ज अकरा सिस्टरनी सह्या करून दिलाय. महिनाभरातल्या भांडणांची तारीखवार यादीही जोडली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. त्या दुसरा अर्ज लिहितायत आणि मसुदा तपासायला माझ्याकडे आणणार आहेत.