पु. ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे ऊर्फ पु. ल. देशपांडे (जन्म : मुंबई, ८ नोव्हेंबर १९१९; मृत्यू : पुणे, १२ जून २०००) हे मराठी विनोदी लेखक, नाटककार, अभिनेते, संगीतकार, चित्रपट दिग्दर्शक, एकपात्री कलावंत आणि भारतीय दूरदर्शनच्या आरंभकाळातील निर्माते होते. महाराष्ट्रात ते 'पु. ल.' या आद्याक्षरांनी ओळखले जात. निकटवर्तीय त्यांना 'भाई' म्हणत. समाजातील आणि राजकारणातील विसंगती हा त्यांच्या विनोदाचा एक प्रमुख विषय होता. लेखन आणि रंगभूमी यांतून मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी व त्यांच्या पत्नी सुनीता देशपांडे यांनी न्यासामार्फत सामाजिक कार्यास दिला.

बालपण आणि शिक्षण

पु. ल. देशपांडे यांचा जन्म मुंबईत गावदेवी भागात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव लक्ष्मण त्रिंबक देशपांडे आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करणारे वामन मंगेश दुभाषी हे त्यांचे आजोबा (आईचे वडील). घरात वाचनाचे आणि संगीताचे वातावरण होते. कुटुंब प्रथम जोगेश्वरी येथे व नंतर विलेपार्ले येथे राहिले. पार्ले टिळक विद्यालयात शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबईच्या इस्माईल युसुफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून त्यांनी एम.ए. ही पदवी मिळवली. त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले होते.

तरुणपणी वडिलांचे निधन झाल्याने कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली. पेटीवादन, भावगीतांचे कार्यक्रम आणि संगीताच्या शिकवण्या यांतून ते घरखर्चाला हातभार लावत. काही काळ त्यांनी कारकुनी केली, तसेच मुंबईत शाळेत शिक्षक म्हणून काम केले. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या पहिल्या पत्नीचे विवाहानंतर अल्पावधीतच निधन झाले. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. या दांपत्यास अपत्य नव्हते.

चित्रपट कारकीर्द

१९४७ सालच्या 'कुबेर' या चित्रपटापासून पु. ल. देशपांडे चित्रपटसृष्टीत आले. पुढील सहा-सात वर्षांत त्यांनी अभिनेता, पटकथा व संवादलेखक, गीतकार, संगीतकार आणि दिग्दर्शक अशा विविध भूमिका पार पाडल्या. 'वंदे मातरम्' (१९४८) या चित्रपटात त्यांच्यासोबत सुनीता देशपांडे यांनीही अभिनय केला. 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटासाठी त्यांनी संगीतबद्ध केलेले ग. दि. माडगूळकर यांचे मोराचे बालगीत पुढील कित्येक पिढ्यांच्या तोंडी राहिले. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत व दिग्दर्शन ही सर्व अंगे त्यांनी सांभाळली आणि प्रमुख भूमिकाही केली. त्या काळी मराठी चित्रपटांचे आर्थिक व्यवहार बेभरवशाचे होते. चित्रपटांनी त्यांना लोकप्रियता दिली, परंतु आर्थिक स्थैर्य दिले नाही. 'गुळाचा गणपती'नंतर ते या क्षेत्रापासून दूर गेले.

आकाशवाणी आणि दूरदर्शन

१९५५ साली पु. ल. देशपांडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात रुजू झाले. १९५८ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर प्रसारमाध्यमांच्या प्रशिक्षणासाठी ते ब्रिटनमध्ये बीबीसीकडे गेले. या काळात त्यांनी फ्रान्स व पश्चिम जर्मनी येथेही वास्तव्य केले. या प्रवासावर आधारित 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला नवे वळण दिले.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. हे प्रसारण दिल्ली परिसरापुरते आणि आठवड्यातील मोजक्या वेळेपुरते मर्यादित होते. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या पु. ल. देशपांडे यांची दिल्लीत या नव्या माध्यमासाठी निर्माता म्हणून नेमणूक झाली. भारतीय दूरचित्रवाणीवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. सरकारी नोकरीत पद आणि नियमित वेतन होते. तथापि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ती नोकरी सोडली आणि लेखन व रंगभूमी यांवरच उपजीविका करण्याचे ठरवले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर त्यांचे कार्यक्रम त्यावरून प्रसारित झाले. नाट्यगृहापर्यंत पोहोचू न शकणारा ग्रामीण प्रेक्षकही त्यामुळे त्यांना ओळखू लागला.

रंगभूमी आणि एकपात्री प्रयोग

'अंमलदार' हे नाटक त्यांनी रशियन लेखक गोगोल यांच्या भ्रष्ट नोकरशाहीवरील नाटकावरून मराठीत आणले. 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात जीवनाचा आस्वाद घेणारे काकाजी आणि विरक्तीचा आग्रह धरणारे आचार्य यांचा संघर्ष आहे. गांधीयुगानंतर उरलेल्या कोरड्या आचारधर्माची चिकित्सा या नाटकात आढळते. 'सुंदर मी होणार', 'ती फुलराणी' (१९७५) आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) ही त्यांची अन्य गाजलेली नाटके होत. यांपैकी 'ती फुलराणी' हे बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर, तर 'तीन पैशाचा तमाशा' हे बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नाटकावर आधारित आहे.

१९६१ पासून त्यांनी आपल्या 'बटाट्याची चाळ' या पुस्तकाचे एकपात्री प्रयोग सुरू केले. नेपथ्याचा फारसा आधार न घेता एकच नट चाळीतील अनेक बिऱ्हाडे उभी करतो, हा प्रकार मराठी प्रेक्षकांना नवा होता. पाठोपाठ 'वाऱ्यावरची वरात' आणि 'असा मी असामी' हे कार्यक्रम आले. तिकीटविक्री, करार, दौऱ्यांची आखणी, हिशेब आणि रंगमंचामागील व्यवस्था यांत सुनीता देशपांडे यांचा मोठा वाटा होता. एकपात्री प्रयोगाचा खर्च मोठ्या नाटकाच्या तुलनेत कमी असल्याने उत्पन्नाचा बराच भाग शिल्लक राहत असे. देशपांडे दांपत्याची आर्थिक स्थिती या प्रयोगांमुळे पालटली. असे असूनही प्रेक्षकांची गर्दी कायम असताना त्यांनी हे प्रयोग थांबवले.

राजकीय उपहास

पु. ल. देशपांडे यांच्या राजकीय उपहासाचा आरंभ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात झाला. 'पुढारी पाहिजे' (१९५१) या लोकनाट्यात त्यांनी तमाशाच्या चौकटीतून नव्या सत्ताधारी वर्गाची थट्टा केली. 'असा मी असामी'तील धोंडो भिकाजी जोशी या सामान्य कारकुनाच्या नजरेतून बदलत्या समाजातील ढोंगे दिसतात. 'खिल्ली' (१९८२) या संग्रहात त्यांचे उपहासपर लेख आहेत.

१९७४ साली इचलकरंजी येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुढील संमेलन आणीबाणीच्या काळात, १९७५ साली कऱ्हाड येथे दुर्गा भागवत यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आणीबाणीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गळचेपीला पु. ल. देशपांडे यांनी विरोध केला. जयप्रकाश नारायण यांच्या तुरुंगातील दैनंदिनीचा त्यांनी 'स्वगत' या नावाने मराठी अनुवाद केला. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी जनता पक्षाच्या प्रचारासाठी सभा घेतल्या. या सभांना मोठी गर्दी होत असे. सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी त्यांची विदूषक म्हणून संभावना केली. निवडणुकीत जनता पक्षाचा विजय झाल्यानंतर मात्र त्यांनी कोणतेही राजकीय पद स्वीकारले नाही व ते पुन्हा लेखनाकडे वळले.

१९९६ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेला पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्या वेळी राज्यात शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार होते. पुरस्कार स्वीकारताना त्यांनी राज्यातील दंडेलीच्या राजकारणाविषयी नापसंती व्यक्त केली. त्यावर शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यांच्या नावावर कोटी करून जाहीर टीका केली आणि मोठा वाद झाला. शासनाचा सर्वोच्च सन्मान घेऊनही शासनकर्त्यांना बोल लावता येतो का, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता.

संपत्ती आणि न्यास

पु. ल. देशपांडे यांच्या उत्पन्नाचे प्रमुख मार्ग दोन होते : पुस्तकांचे मानधन आणि रंगमंचीय कार्यक्रम. 'व्यक्ती आणि वल्ली', 'बटाट्याची चाळ', 'अपूर्वाई', 'असा मी असामी' यांसारख्या पुस्तकांच्या आवृत्त्या सतत निघत राहिल्या. उत्पन्न वाढले तरी या दांपत्याने राहणी साधी ठेवली. उत्तरायुष्यात ते पुण्यात सदनिकेत राहत होते.

आपल्या गरजेपुरते ठेवून उरलेले उत्पन्न समाजाकडे परत जावे, या विचारातून १९६० च्या दशकात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान हा सार्वजनिक न्यास स्थापन करण्यात आला. शिक्षण, आरोग्य, समाजसेवा आणि कला या क्षेत्रांतील संस्थांना न्यासाने साहाय्य केले. देणग्यांचा गाजावाजा करण्याचे हे दांपत्य टाळत असे. बाबा आमटे यांच्या वरोरा येथील आनंदवनाशी त्यांचे दीर्घकाळ स्नेहाचे संबंध होते.

न्यासाच्या साहाय्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होय. १९८० च्या दशकात तरुणांमध्ये पसरलेल्या गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून देशपांडे दांपत्याने केंद्र उभारण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. अनिल आणि सुनंदा (अनिता) अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याचे उद्घाटन पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते झाले. पु. ल. देशपांडे यांच्या निधनानंतर पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभारण्यासही न्यासाने निधी दिला. या शोधिकेच्या इमारतीस 'पुलस्त्य' असे नाव आहे.

स्वामित्वहक्कांच्या बाबतीत सुनीता देशपांडे काटेकोर होत्या. नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी परवानगी घेणे व मानधन भरणे त्या आवश्यक मानत. हौशी नाट्यसंस्थांमध्ये या आग्रहाबद्दल नाराजी होती आणि सुनीता देशपांडे यांच्यावर कठोरपणाची टीका झाली. मात्र लेखकाला त्याच्या श्रमाचा मोबदला देण्याबाबत मराठी रंगभूमीवर असलेली ढिलाई या आग्रहामुळे चर्चेत आली. दांपत्याच्या सहजीवनाचे परखड चित्रण सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या आत्मकथनात आढळते.

पुरस्कार आणि सन्मान

* साहित्य अकादमी पुरस्कार ('व्यक्ती आणि वल्ली'), १९६५
* पद्मश्री, १९६६
* संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६७
* कालिदास सन्मान, १९८७
* पद्मभूषण, १९९०
* महाराष्ट्र भूषण, १९९६

निधन आणि स्मारके

अखेरच्या वर्षांत पु. ल. देशपांडे कंपवाताने आजारी होते. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या ५४ व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. सुनीता देशपांडे यांचे ७ नोव्हेंबर २००९ रोजी निधन झाले. मुंबईतील प्रभादेवी येथील राज्य शासनाच्या कला अकादमीला आणि पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील उद्यानाला पु. ल. देशपांडे यांचे नाव देण्यात आले आहे.