विश्लेषण : एका संगणकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर का अडतो? ग्रेस हॉपर यांनी त्यावर काय केले?

इंटेल प्रोसेसरसाठी असेम्ब्ली भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या मोबाइलमधील एआरएम प्रोसेसरसाठी तयार करायला घेतला, तर सुरुवातीच्या ओळींतच चुकांची यादी समोर येते. एका प्रोसेसरच्या आज्ञा दुसऱ्याला समजत नाहीत. ही डोकेदुखी संगणकाइतकीच जुनी आहे. गणितज्ञ ग्रेस हॉपर यांची अनेक वर्षे तिच्यावर उपाय शोधण्यात गेली.

अडचण कोणती होती?

न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून पीएचडी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात प्राध्यापकी सोडून त्या अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात गेल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क-१ या अजस्र यंत्रावर काम करू लागल्या.

पुढे बाजारात संगणक आले, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. युनिव्हॅक दशमान अंकांवर चालायचा, आयबीएमचा ७०१ द्विमान अंकांवर. त्यामुळे एकासाठी लिहिलेला पगाराच्या हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर न्यायचा, तर किरकोळ दुरुस्तीने भागत नसे. पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावा लागे. यंत्र बदलले की जुनी मेहनत पाण्यात.

उपाय काय निघाला?

हॉपर यांनी १९५२ मध्ये ‘ए-०’ तयार केला. तयार उपप्रोग्रॅम शोधून जोडण्याचे काम तो यंत्राकडूनच करून घेई. त्याला पहिला कंपायलर म्हटले जाते. आजच्या अर्थाने तो लिंकरच्या अधिक जवळचा. मग साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ आली. १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोलचा पाया मुख्यतः तिच्यावरच रचला गेला. कोबोल समितीने घडवली, हॉपर सल्लागार होत्या. त्यामुळे ‘कोबोलची जननी’ हे बिरूद थोडे सैलच. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास तोच कोबोल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक-२ या दोन्ही यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

तरीही प्रश्न का उरला?

प्रत्येक कंपनीच्या कंपायलरची कोबोल जराशी वेगळी निघू लागली! १९६६ अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये याच कामासाठी परत बोलावले. त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी प्रोग्रॅम लिहिले. सहा महिन्यांसाठी मिळालेली ही जबाबदारी लांबत गेली. अखेर १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.